पोरांना मातीत लोळू द्यावं का? जंतू, प्रतिकारशक्ती आणि आमच्या घरातला वाद

मुलुंडकरीण

धागा काढायला कारण सासूबाई. "आमची पोरं अंगणातली माती खाऊन वाढली, बघ कशी ठणठणीत आहेत" हे वाक्य घरात सकाळ-संध्याकाळ ऐकू येतं. लेक सव्वा वर्षाचा आहे आणि पाळणाघरात जायला लागल्यापासून त्याचं नाक सदा वाहतंय. सासूबाईंच्या मते हे चांगलंच, आत्ता आजारी पडला की पुढे काटक होईल. सोसायटीतल्या मैत्रिणींचं दुसरं टोक. त्या बागेतल्या झोपाळ्याच्या साखळीवरही सॅनिटायझर मारतात आणि फरशी दोन्ही वेळा जंतुनाशकाने पुसून घेतात. नवरा "दोघींचंही बरोबर आहे" असं म्हणून लोकल पकडायला पळतो.

मला सरळ उत्तर हवंय. जंतूंशी रोजचा संबंध आला की प्रतिकारशक्ती खरंच वाढते का? जाणकारांनी लिहा. व्हॉट्सॅपचे फॉरवर्ड नकोत, ते सासरच्या ग्रुपवर पुरेसे येतात.

गिरगावकर

ताई, माझं मत सासूबाईंच्या खात्यात जमा करा. आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, सकाळी डबा घेऊन रांग. गॅलरीत रांगत मोठे झालो. खाली पडलेला पेरू चड्डीला पुसायचा आणि खायचा. शेजारच्या बिऱ्हाडात गोवर आला की आमची आई आम्हाला मुद्दाम तिथे खेळायला धाडायची, एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हणून. दमा, अॅलर्जी हे शब्द कुणी ऐकले नव्हते. आता नातू ठाण्याला टॉवरमध्ये राहतो, घरात हवा शुद्ध करायचं यंत्र आहे आणि पोराच्या दप्तरात इन्हेलर. बोला आता.

भोचक_भवानी

काका, चड्डी तरी धुतलेली असायची का?

लोकल_८१२

काका, आदर आहेच, पण जे जगले तेच आठवणी सांगायला उरतात. माझ्या पणजीला मुलं किती असं विचारलं की ती दोन आकडे सांगायची, "आठ झाली, पाच राहिली". त्या पिढीतल्या बहुतेक बायकांचं उत्तर असंच असायचं. जी तिघं गेली त्यांनीही तीच माती खाल्ली होती.

आणि तुमच्या गिरगावापासून फार लांब नाही, मांडवीत १८९६ साली प्लेग शिरला. उंदीर, गटारं, एका खोलीत दहा माणसं, जंतूंशी संबंध म्हणाल तर अष्टौप्रहर. तरी माणसं पटापट गेली. उपयोगी पडली ती हाफकिन या शास्त्रज्ञाची लस. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली.

निळा_बेडूक

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. डॉक्टर नाही, तेव्हा औषधं विचारू नका.

लोकलदादा, मांडवीकरांवर थोडा अन्याय होतोय. प्लेग त्यांना नवीन होता, त्याची सवय असणार कुठून? पण त्यातून एक गोष्ट कळते. बाकीच्या शंभर जंतूंशी झटापट करून 'एकूणच काटकपणा' येत असता तर तो तेव्हा दिसला असता. तो दिसला नाही, कारण शरीर एका जंतूची ओळख दुसऱ्यावर फारशी चालवत नाही.

आता गिरगावकर काकांच्या बाजूचं. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही, त्यावर तीसेक वर्षं गंभीर काम झालंय. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या साथरोगतज्ज्ञाने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अगदी छोटा लेख लिहिला. मार्च १९५८ च्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती त्याच्यासमोर होती. घरात भावंडं जितकी जास्त, विशेषतः मोठी, तितका परागकणांमुळे होणारा शिंका-सर्दीचा त्रास कमी. त्याने अंदाज बांधला की मोठी भावंडं बाहेरून संसर्ग आणतात आणि तान्ह्याला त्याचा पुढे फायदा होतो.

मग दोन जर्मनी एक झाले. एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ बाईंना वाटलं होतं की लाइपझिग आणि हाले इथल्या कोळशाच्या धुरात वाढलेल्या मुलांना अॅलर्जी जास्त असेल. निघालं उलटंच, स्वच्छ म्युनिकमधल्या मुलांना जास्त! पुढे त्यांनी आणि इतरांनी शेतावरच्या मुलांचा अभ्यास केला. गोठ्यात वाढणाऱ्या मुलांत दमा कमी.

मला सगळ्यात आवडणारा अभ्यास २०१६ चा. अमेरिकेतले आमिश आणि हटराइट हे दोन समाज. मूळ दोघांचं युरोपातलं, जनुकं जवळजवळ सारखी, खाणंपिणं सारखं, घरात कुत्री-मांजरं नाहीत, दोघंही शेतकरी. फरक इतकाच की आमिश लोकांची शेती घोड्यांची आणि गोठा घराला लागून. हटराइटांची शेती यंत्रांची, जनावरं घरापासून लांब. आधीच्या पाहण्यांत आमिश शाळकरी मुलांत दमा ५.२ टक्के आणि हटराइटांत २१.३ टक्के निघाला होता. संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा केली. आमिश घरांच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणाचे अंश जवळपास सातपट होते. ही धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांचा दमा आटोक्यात राहिला. हटराइट धुळीने तसं झालं नाही.

पण यातून 'ताकद वाढली' असं निघत नाही. सोसायटीच्या गेटवरचा नवा वॉचमन आठवा. त्याला कुणाची ओळख नसली की तो दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला, पाहुण्याला सगळ्यांनाच दमात घेतो. रोजची ये-जा बघून कुणाला सोडायचं ते त्याला कळतं. अॅलर्जी म्हणजे धूळ, परागकण, शेंगदाणा अशा निरुपद्रवी पाहुण्यांवर काठी उगारणं. माती, जनावरं, भावंडं, आईचं दूध यांतून येणारे सूक्ष्मजीव ही काठी खाली ठेवायला शिकवतात. ग्रॅहम रूक या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये त्यांना 'जुने मित्र' म्हटलं. माणूस लाखो वर्षं ज्यांच्या संगतीत राहिला ते हे. टायफॉइड आणि गोवर त्या मित्रमंडळात नाहीत.

कांदिवलीतली_कोल्हापुरी

बेडूकदादा, मस्त लिहिलंत. माझ्या माहेरी अजून चार म्हशी आहेत. मे महिन्यात पोरीला पंधरा दिवस गोठ्यात सोडली तर चालेल? आणि धारोष्ण दूध? आमचे आबा म्हणतात, तापवलं की दुधातला जीव जातो.

निळा_बेडूक

गोठ्यात जरूर सोडा, पोरगी खूश होईल. पण दमा टळेल अशी आशा ठेवू नका. या अभ्यासांत फायदा दिसला तो गरोदरपणापासून पहिल्या दोनतीन वर्षांत, रोजच्या रोज जनावरांच्या सहवासात राहणाऱ्यांना. सुट्टीचा मुक्काम वेगळा.

धारोष्ण दुधाबद्दल आबांना नमस्कार सांगा आणि दूध तापवा. कच्चं दूध पिणाऱ्या शेतावरच्या मुलांत दमा कमी आढळला हे खरं, पण त्याच दुधातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा ताप आणि गुरांचा क्षयही येतो. ज्यांनी हे अभ्यास केले तेसुद्धा कच्चं दूध द्या असं सांगत नाहीत.

भोचक_भवानी

मी स्टेशनबाहेरच्या पाणीपुरीवर वाढलेय. अमेरिकेहून आलेला मावसभाऊ एका प्लेटीत आडवा झाला, मी तीन हाणून ऑफिसला गेले. याला प्रतिकारशक्ती नाही तर काय म्हणायचं?

परळचा_डॉक

भवानीबाई, काही अंशी ती प्रतिकारशक्तीच. प्रवाशांना जुलाब करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या काही जातींची ओळख तुमच्या आतड्यांना लहानपणीच झालेली असते. पण ती त्या जातींपुरती. त्याच पाण्यातून टायफॉइड आला की तुम्ही आणि मावसभाऊ एकाच रांगेत, आणि टायफॉइड एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असंही नाही. दरवर्षी पावसाळ्यात मला दुसऱ्यांदा झालेले पेशंट भेटतात.

बालरोग विभागात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 'प्रतिकारशक्ती' हा बँकेतल्या शिलकीसारखा एकच आकडा आहे, हा समज काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांनी पक्का केलाय. प्रत्येक जंतूचा हिशेब वेगळा.

डेंग्यू घ्या. त्याचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला की त्या प्रकाराला संरक्षण मिळतं, पण पुढे दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर व्हायची शक्यता वाढते. पहिल्या वेळची प्रतिपिंडं, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी, विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करतात. म्हणजे इथे आधीची ओळखच नडते.

गिरगावकर काका, तुमच्या आईंनी केलं ते तेव्हा घरोघरी चालायचं, त्यांना दोष नाही. पण गोवर हा या सगळ्यातला सर्वात वाईट शिक्षक. तो रोगांची आठवण साठवणाऱ्या पेशींनाच मारतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धची प्रतिपिंडंही मोठ्या प्रमाणात पुसली गेलेली दिसली. तोवर कमावलेलं गेलं आणि पोर पुन्हा पहिल्यापासून न्यूमोनिया, जुलाबांच्या तावडीत. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ आली. पुरळ तपकिरी पडलेलं, कातडीचा कोंडा सुटतोय, ओठ फुटलेत, डोळे चिकटलेत, आणि आई सांगते "ताप गेला, पण हा जेवतच नाही". ते पोर पुढचे कित्येक महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतं. गोवंडीतल्या मुलांना जंतूंचा सहवास कमी पडला असं कोण म्हणेल? कमी पडली ती लस.

लोकल_८१२

डॉक, मग धारावीचं काय? कोरोनात सगळे म्हणत होते की झोपडपट्टीवाल्यांची इम्युनिटी भारी, म्हणून तिथे साथ लवकर आटोक्यात आली.

परळचा_डॉक

या दंतकथेचा मला मनापासून राग आहे. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही टाटांची संशोधन संस्था यांनी मिळून दहिसर, माटुंगा आणि चेंबूर अशा तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. धारावी त्यात नव्हतीच, ती जी उत्तर वॉर्डात येते. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इमारतींत १६ टक्के. म्हणजे झोपडपट्टीत लागण तिप्पट-चौपट झाली होती. सामायिक संडास, एका खोलीत सहा माणसं, दुसरं काय होणार? मृत्यूंचं प्रमाण कमी दिसलं त्यात तरुण लोकसंख्येचा वाटा मोठा. धारावीत साथ आवरली ती घरोघरी फिरून केलेल्या तपासणीने आणि विलगीकरणाने. ते श्रम करणाऱ्यांचं श्रेय आपण गटाराला देऊन टाकतो.

गिरगावकर

डॉक्टरसाहेब, सगळंच आमच्या विरोधात? लहानपणी होऊन गेलेलं बरं, असा एकही आजार नाही?

परळचा_डॉक

आहे ना, काका. कावीळ, हिपॅटायटिस अ वाली. पाचसहा वर्षांच्या आतल्या मुलाला झाली तर बहुतेक वेळा घरात कळतही नाही, आणि जन्मभराचं संरक्षण मिळतं. तीच पंचविशीत झाली की डोळे पिवळेधमक, महिनाभर अंथरूण, क्वचित यकृतच निकामी. तुमच्या चाळीत ती सगळ्यांना गुपचूप होऊन गेली असणार. टॉवरमधली मुलं उकळलेल्या पाण्यावर वाढतात आणि कॉलेजच्या हॉस्टेलवर गेली की सापडतात.

पोलिओची गंमतही अशीच. शंभरेक वर्षांपूर्वी पाश्चात्त्य देशांत गटारं बंदिस्त झाली, पाणी शुद्ध झालं आणि पांगळेपणाच्या मोठ्या साथी सुरू झाल्या. न्यूयॉर्कमधली १९१६ ची प्रसिद्ध आहे. आधी तो विषाणू तान्ह्या वयात, आईकडून आलेली प्रतिपिंडं अंगात असतानाच गाठायचा आणि बहुतेकांचं निभायचं. स्वच्छतेमुळे ती गाठ उशिरा पडायला लागली.

पण म्हणून कुणी गटारं पुन्हा उघडली नाहीत. लस काढली. हिपॅटायटिस अ ची लसही आहे, नातवाला दिली नसेल तर त्याच्या डॉक्टरांना विचारा. लस हाही जंतूंशी संबंधच आहे, फक्त किंमत न मोजता.

निळा_बेडूक

यात अजून एक भर. जंतू फार झाले की लससुद्धा नीट लागू पडत नाही. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसचे थेंब आले. तोंडावाटे द्यायच्या रोटा लसी युरोपात गंभीर जुलाबांपासून ८५-९० टक्क्यांच्या पुढे संरक्षण देतात. भारतातल्या चाचणीत स्वदेशी लसीचा आकडा ५५ टक्क्यांच्या आसपास होता. लस वाईट नाही, आफ्रिकेत परदेशी लसींचंही असंच होतं. कारणं बरीच आहेत, त्यातलं एक म्हणजे तान्ह्या मुलांची आतडी आधीच इतर जंतूंशी झुंजत सुजलेली असतात. पोलिओच्या थेंबांचा उत्तर प्रदेश-बिहारमध्ये हाच अनुभव आला, एकेका मुलाला किती वेळा डोस पाजावे लागले ते आठवा.

सुजलेलं आतडं अन्नही नीट शोषत नाही. पोर जेवतं पण उंची वाढत नाही. शरीर वाढीचा पैसा लढाईवर खर्च करतं. 'घाणीत वाढलेली पोरं काटक' म्हणताना ती बुटकी का राहिली, हेही बघायला हवं.

दादरचा_कट्टेकरी

उशिरा आलो. दादरला राहणारा माणूस म्हणून विचारतो, कबुतरांचं काय? आमच्या मजल्यावरच्या आजी रोज दाणे टाकायच्या, "इतकी वर्षं टाकतेय, मला काय झालं" म्हणायच्या. आता ऑक्सिजनची नळी लागलीय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा काय रणकंदन झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच.

निळा_बेडूक

हे मात्र सवयीच्या बरोब्बर उलट. कबुतरांच्या विष्ठेतली आणि पिसांवरच्या भुकटीतली प्रथिनं वर्षानुवर्षं श्वासात गेली की काहींची फुप्फुसं संवेदनशील होतात. मग प्रत्येक संपर्कात दाह वाढतो, आणि पुढे फुप्फुसात जो राठपणा येतो तो मागे फिरत नाही. तशीच मुंबईच्या फ्लॅटमधली झुरळं, गादीतले धूलिकीटक, पावसाळ्यात भिंतीवर चढणारी बुरशी. दम्याच्या पेशंटला यांची सवय होत नाही, त्रास वाढतो.

दाणे_टाकणारच

हजारो वर्षं माणूस कबुतरांबरोबर राहतोय. हे सगळं बिल्डर लॉबीचं

संपादक_मंडळ

कबुतरखान्यावर वेगळा धागा आहे. राजकारण तिकडे. वरच्या प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे.

मुलुंडकरीण

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आता माझ्यापुरतं सांगा. पाळणाघर बंद करू का? फरशी कशाने पुसू? आणि बागेतली माती चालेल की नाही?

परळचा_डॉक

पाळणाघर चालू ठेवा. अमेरिकेतल्या टूसॉनमधल्या मुलांवर एक अभ्यास २००० साली आला होता. लवकर पाळणाघरात गेलेल्या किंवा मोठी भावंडं असलेल्या मुलांची छाती दोन वर्षांची असताना जास्त वेळा वाजली, पण सहाव्या वर्षानंतर दमा कमी आढळला. सव्वा वर्षाच्या पोराला वर्षात आठ-दहा वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. ते विषाणूला काही करत नाही, उलट बेडूकरावांच्या 'जुन्या मित्रांना' मारतं. धाप लागली, खाणंपिणं सोडलं किंवा ताप उतरेना, तर मात्र लगेच दाखवा.

फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसली तरी पुष्कळ. हात साबणाने धुवायचे ते नेमक्या वेळी, म्हणजे शी धुतल्यावर, खाण्याआधी, बाहेरून आल्यावर, आणि तुमचे स्वतःचे स्वयंपाकाआधी. एवढ्याने जुलाब साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. झोपाळ्याच्या साखळीला सॅनिटायझर लावून काही साधत नाही.

मातीत खेळू दे. फक्त मुंबईतल्या बागेत कुत्र्या-मांजरांनी घाण केलेले कोपरे आणि वाळूचे ढीग टाळा, त्यात जंतांची अंडी असतात. वर्षातून दोनदा जंताचं औषध द्यायचं. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत मिळतं, दोन वर्षांच्या आत अर्धी गोळी चुरून. लसीकरणाचं कार्ड एकदा नीट तपासा. सासूबाई गुटी देत असतील तर सहाण उकळत्या पाण्याने धुवायला सांगा, आणि एक वर्षाच्या आतल्या कुठल्याही बाळाला मध चाटवायचा नाही.

कांदिवलीतली_कोल्हापुरी

जंतांनी अॅलर्जी कमी होते असं कुठेतरी वाचलं होतं, मग गोळी देऊन तोटा नाही ना?

निळा_बेडूक

जंत स्वतःचा बचाव म्हणून आपली प्रतिकारयंत्रणा थोडी थंड करतात हे खरंय. म्हणून परदेशात मुद्दाम जंत देऊन अॅलर्जी आणि दमा बरा करायचे प्रयोगही झाले. आशा मोठी होती, फायदा तितका दिसला नाही. आणि रक्त पिणारा अंकुशकृमी आपल्याकडच्या आधीच ॲनिमिक पोरीच्या पोटात काय करतो, ते डॉकना विचारा. गोळी द्या.

लोकल_८१२

माझा पण एक प्रश्न घ्या डॉक. दर पावसाळ्यात हिंदमात्याला गुडघाभर पाण्यातून जातो, आजवर शिंकही आली नाही. लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, इम्युनिटी तयार झाली असेल का?

परळचा_डॉक

नाही. लेप्टोचे शेकड्याने उपप्रकार आहेत आणि एकाचं संरक्षण दुसऱ्याला क्वचितच चालतं. आजवर वाचलात कारण त्या पाण्यात पुरेसे जंतू नव्हते किंवा पायाला जखम नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये वॉर्ड लेप्टोच्या पेशंटनी भरले होते. त्यात दर पावसाळ्यात पाणी तुडवणारेही होतेच.

पाण्यातून आलात की पाय साबणाने धुवून कोरडे करा. भेगा किंवा जखम असेल, किंवा बराच वेळ पाण्यात गेला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक गोळी घ्या. स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना औषध वेगळं असतं.

लोकल_८१२

टाचांना भेगा आहेत. आणि कालच गेलो होतो. कुठे मिळते, मोठ्या हॉस्पिटलातच जावं लागेल का?

परळचा_डॉक

नाही, महापालिकेच्या कुठल्याही दवाखान्यात फुकट मिळते. जवळचा 'आपला दवाखाना' गाठा. कधी, किती वेळ पाण्यात होतात ते सांगा. आज जा, परवावर ढकलू नका.